कवाडाची कामे

घरबांधणीवरच्या लेखनात ‘परस्परविरोधी गरजांचा समतोल’ हे शब्द फार सहज येतात. उजेड हवा पण ऊन नको, वारा हवा पण धूळ नको, म्हणून खिडकी मध्यम ठेवावी, असे सांगितले जाते. याला मी घासाघीस म्हणतो. समतोल खरोखर कसा साधतो आणि कुठे तो साधूच नये, हे समजून घ्यायला आमच्या घोडेगावाहून पाच-सहा किलोमीटरवरचे शनिशिंगणापूर पुरेसे आहे.

शिंगणापूरची ख्याती सर्वांना ठाऊक आहे. घराला चौकट आहे, पण कवाड नाही, कडी-कोयंडा नाही, कुलूप नाही. राखण शनिदेव करतो, ही श्रद्धा. तिच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही; मला ते बांधकाम म्हणून पाहायचे आहे.

कवाड एकच काम करत नाही. ते चोराला अडवते, कुत्र्याला अडवते, घरातल्या माणसांना आडोसा देते. गावाने यांतले पहिले काम तेवढे देवावर सोपवले. उरलेल्यांची सोय निराळी केली: आडोशाला पडदा, आणि रात्री जनावर शिरू नये म्हणून चौकटीला नुसती टेकवलेली फळी. ही फळी चालते, कारण तिला बिजागरी नाही आणि कडीही नाही. माणसावर ती संशय घेत नाही. श्रद्धा आणि सोय यांत निम्मे-निम्मे वाटप करण्याऐवजी गावाने कवाडाची कामेच सुटी केली.

वास्तुरचनेच्या कोणत्याही शाळेत मी गेलेलो नाही. पण या सुट्या करण्याला शास्त्राचे रूप देणारे एक पुस्तक मी पुन्हा पुन्हा वाचले आहे: क्रिस्टोफर अलेक्झांडरचे १९६४ सालचे ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’. गरजा एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यांचे लहान गट पाडा आणि एकेक गट सोडवा, असे तो सांगतो. नमुना म्हणून त्याने एका भारतीय खेड्याच्या १४१ गरजा मांडल्या. घराचे दार दक्षिणेला नसावे, हा नियमही त्यांत आहे. पण त्याच यादीत अस्पृश्यतेचा विटाळही बसला आहे, प्रेतांच्या विल्हेवाटीच्या शेजारी. गावाला जे वाटते ते नोंदवायचे, एवढाच त्याचा हेतू असेल. पुढे १९७१च्या प्रस्तावनेत त्याने रचनापद्धतीच्या स्वतंत्र शास्त्राशी असलेले आपले नाते स्वतःच तोडले. माझा आक्षेप मात्र यादीवर आहे. ती गरजा मोजते, तोलत नाही. एकाची गरज कोणाच्या मानेवर बसते, हे ती विचारत नाही.

शिंगणापुरातच या आक्षेपाची दोन उदाहरणे आहेत. जानेवारी २०११ मध्ये यूको बँकेने तिथे ‘बिनकुलपाची’ शाखा उघडली. दार काचेचे, आणि कुलूप चटकन नजरेस न पडणारे, विजेच्या चुंबकावर चालणारे. बँकेची अडचण खरी होती. लोकांची ठेव श्रद्धेच्या भरवशावर सोडता येत नाही. पण इथे काम सुटे झाले नाही, फक्त झाकले गेले. गावाची फळी काय करते हे कोणालाही दिसते. बँकेचे दार जे करते ते लपवते.

दुसरे उदाहरण जास्त गंभीर आहे. शनीची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. तिला भिंत नाही, छप्परही नाही. तरी बायकांना त्या चौथऱ्यावर चढायला परंपरेने मनाई होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका तरुणीने तिथे दर्शन घेतले, तर नंतर शुद्धीकरण झाले. मग आंदोलन झाले, मुंबई उच्च न्यायालयाने बायकांचा हक्क स्पष्ट केला, आणि ८ एप्रिल २०१६ला, गुढीपाडव्याला, विश्वस्तांनी मनाई उठवली. कवाडावाचूनही गाव कोणाला बाहेर ठेवू शकते, हे यातून दिसले. इथे रूढी आणि हक्क यांचा ‘समतोल’ काढता आला असता: वेगळी रांग, ठरावीक वेळ, थोडे अंतर. तसा समतोल म्हणजे अन्यायाला नीटनेटका नकाशा काढून देणे झाले असते.

म्हणून एखाद्या वास्तूची स्तुती ‘सर्व गरजांचा मेळ घातला’ अशी होते, तेव्हा टीकाकाराने गरजांची यादी मागावी. आणि ती हाती आल्यावर, यादी करताना कोणाला विचारले नव्हते, तेही शोधावे.