स्मरण की सोहळा? : बिदर सीमेवरील १७ सप्टेंबर

नाटकाचे परीक्षण करावे, ग्रंथाचे करावे; सरकारी समारंभाचे परीक्षण ते काय करावयाचे, असे आमचे एक स्नेही म्हणाले. आमचे मत निराळे आहे. सार्वजनिक समारंभ ही देखील एक रचनाच असते. कोणाला व्यासपीठावर बसवावे, कोणत्या मृतांचे नाव घ्यावे आणि कोणत्या मृतांविषयी मौन पाळावे, हे कोणीतरी ठरविलेले असते. जेथे निवड आहे, तेथे टीकेला जागा आहे. म्हणून २०२५ च्या १७ सप्टेंबरला बिदर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आम्ही जो समारंभ पाहिला, त्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

गोव्याच्या वाचकांना १९ डिसेंबर १९६१ चे जे महत्त्व, तेच या भागाला १७ सप्टेंबर १९४८ चे. देश स्वतंत्र झाला तरी निजाम मीर उस्मान अली खान यांचे हैदराबाद संस्थान स्वतंत्र राहू पाहत होते. २९ नोव्हेंबर १९४७ चा 'जैसे थे' करार झाला, पण तो दोन्ही पक्षांना समाधान देऊ शकला नाही. कासीम रझवीच्या रझाकारांनी खेडोपाडी धुमाकूळ घातला. अखेर १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सरहद्द ओलांडून आत शिरले. त्याचा मुख्य लोंढा सोलापुराहून नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद या वाटेने, म्हणजे आमच्याच दारावरून, पुढे गेला. १७ तारखेस निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. सरकारदप्तरी या मोहिमेचे नाव 'पोलीस कारवाई'. रणगाडे आणि विमाने वापरून केलेल्या मोहिमेस पोलिसांचे नाव देण्यात कायद्याची एक सोय होती: प्रश्न देशांतर्गत आहे, त्यात परक्यांचा संबंध नाही, असे जगाला सांगावयाचे होते. लोकांच्या तोंडी मात्र आजही 'पोलीस ॲक्शन' हाच शब्द आहे, आणि तो उच्चारताना ज्याचा त्याचा स्वर वेगळा लागतो.

हा दिवस साजरा करणाऱ्यांतही एकवाक्यता नाही. मराठवाड्यात तो 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' आहे. २०१९ साली हैदराबाद-कर्नाटकाचे नाव कल्याण-कर्नाटक झाले, तेव्हापासून आमच्याकडे तो 'कल्याण कर्नाटक उत्सव' आहे. केंद्र सरकार २०२२ पासून त्यास 'हैदराबाद मुक्ती दिन' म्हणून पाळीत आले. त्याच वर्षी तेलंगण सरकारने त्यास 'राष्ट्रीय एकात्मता दिन' म्हटले आणि २०२४ साली तेथील नव्या सरकारने त्याचे नाव प्रजापालनाशी जोडले. एका तारखेची इतकी नावे पडतात, तेव्हा भांडण तारखेविषयी नसून तिच्या अर्थाविषयी असते, हे उघड आहे.

आता समारंभाविषयी. रात्री पाऊस होऊन गेला होता. मैदानातील काळ्या मातीत मुलांचे पांढरे बूट रुतत होते, तरी त्यांचे संचलन नेटके झाले. ध्वजारोहण झाले, सरदार पटेलांच्या प्रतिमेस हार घातला गेला. नंतर भाषणे झाली. त्यांत पाच मिनिटे इतिहास आणि पाऊण तास विकासकामे. घटनेतील ३७१ (ज) कलम, मंडळाचा निधी, रस्ते, वसतिगृहे हे विषय आम्हांस गौण वाटत नाहीत. २०१२ सालच्या घटनादुरुस्तीने मिळालेले ते कलम या मागासलेल्या भागाचा हक्कच आहे. पण ज्या दिवशी मेलेल्यांचे स्मरण करावयाचे, त्या दिवशी जिवंतांच्या अंदाजपत्रकाने सगळी वेळ खावी, हा रचनेतील पहिला दोष. श्रोत्यांत मराठी बोलणारे अर्धेअधिक असावेत, उर्दू बोलणारेही होते. व्यासपीठावरून मात्र एकच भाषा ऐकू आली. हा दुसरा दोष. तरीही हे दोन्ही दोष क्षम्य मानता येतील. तिसरा दोष अधिक गंभीर आहे.

इतिहासाच्या त्या पाच मिनिटांत गोरटा गावाचे नाव आले, ते यावयासच हवे होते. बसवकल्याण तालुक्यातील या खेड्यावर मे १९४८ मध्ये रझाकारांनी हल्ला केला. दोनशेहून अधिक माणसे मारली गेली, असे तेथे सांगितले जाते. २०२३ च्या मार्च महिन्यात तेथे हुतात्मा स्मारकाचे आणि पटेलांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. पंचाहत्तर वर्षे उशिरा का होईना, त्या मृतांना दगडात जागा मिळाली, याचा आम्हांस आनंद आहे. पण १७ सप्टेंबरनंतर याच जिल्ह्यात जे घडले, त्याविषयी व्यासपीठावर एक अक्षरही निघाले नाही.

ते अक्षर आम्ही मांडवाच्या कडेला ऐकले. पंच्याऐंशीच्या घरातील एका गृहस्थांचा सत्कार झाला होता. शाल, श्रीफळ आणि छायाचित्र, एवढेच. बोलावयास त्यांना कोणी सांगितले नाही. समारंभ संपल्यावर आम्ही त्यांच्याजवळ बसलो आणि "आजोबा, तुम्हांला त्या वेळचे काही आठवते का?" असे विचारले. ते म्हणाले, "आमच्या आयनं दोनदा दार लावून घेतलं होतं, वकीलसाहेब. पहिल्यांदा आमच्यासाठी. दुसऱ्यांदा शेजारच्यांसाठी." दुसऱ्या खेपेस शेजारचे एक मुसलमान कुटुंब त्यांच्या घरातील बळदात, ज्वारीच्या राशीवर, तीन रात्री बसून होते. बाहेर कोण आले होते, असे विचारता त्यांनी उत्तर दिले नाही. शालीची घडी पुन्हा घातली. साक्षीदार न्यायालयात हजर असावा, त्यास मानाने खुर्ची द्यावी आणि साक्ष मात्र घेऊ नये, असा प्रकार आम्ही आमच्या व्यवसायात कधी पाहिला नाही.

या आजोबांची गोष्ट एकट्याची नाही. भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांचे पथक १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात हैदराबाद राज्यात पाठविले होते. राज्याच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत ते फिरले. त्यांच्या अहवालानुसार सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत झाली, आणि कारवाईच्या वेळी व नंतर राज्यभर २७ ते ४० हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. काही ठिकाणी सैनिकांचा आणि पोलिसांचाही त्यात हात होता, असे अहवाल नोंदवितो. तसेच अनेक ठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना वाचविले, हेही नोंदवितो. आकड्यांविषयी वाद आहेत, ते असू द्यावेत. पण कित्येक दशके हा अहवाल लोकांपुढे आला नाही. २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचावयास मिळू लागला. ज्या जिल्ह्यांची नावे त्यात अग्रभागी आहेत, त्याच जिल्ह्यांत दरवर्षी उत्सव होतो आणि त्यात त्याचा उल्लेख नसतो.

यावर आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. गोरट्याच्या लोकांनी जे सोसले त्याच्या शेजारी हे मांडले, तर मुक्तीचा न्याय्यपणा उणा होईल, असे प्रामाणिक माणसेही म्हणतात. वकिलाच्या दृष्टीने याचे उत्तर सरळ आहे. हे दोन स्वतंत्र खटले आहेत. देण्याघेण्याच्या दाव्यात वजावट चालते, खुनाच्या खटल्यात चालत नाही. रझाकारांचा अपराध नंतरच्या कत्तलीने फिटत नाही आणि नंतरची कत्तल रझाकारांच्या अपराधाने क्षम्य ठरत नाही. लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीवर रीतसर खटला चालला, शिक्षा झाली, आणि ती भोगून १९५७ साली तो पाकिस्तानात निघून गेला. कर्त्या-करवित्याला न्यायाधीश मिळाला. बिदर-गुलबर्ग्याच्या खेड्यांत जे मेले, त्यांना साधी नोंदही मिळू नये? शिवाय हा तंटा हिंदू आणि मुसलमान असा सरळ मांडता येतच नाही. भारतात विलीन व्हावे असे लिहिणारे 'इमरोज' पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच मारले. आम्ही पाहिलेल्या समारंभात त्यांचेही नाव कोणी घेतले नाही.

यंदा हा समारंभ ऐन पितृपक्षात आला होता, आणि तेथेच आम्हांस आमच्या परंपरेची आठवण झाली. तर्पण करताना आपण आपल्या तीन पिढ्यांना पाणी देतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. ज्यांना पाणी देणारे कोणी उरले नाही, ज्यांचा आपला काही संबंध नाही, जे अपघाताने वा शस्त्राने मेले, त्यांच्याही नावे एक ओंजळ सोडतो. गोत्र ठाऊक नसले तरी चालते. शास्त्राने एवढे मोठे मन ठेवले असता आमच्या समारंभांनी ते लहान का करावे? याच भागातील गाणगापूरच्या श्रीनृसिंहसरस्वतींचे चरित्र आपल्या घरोघरी वाचले जाते. त्यात बिदरचा मुसलमान राजा व्याधीने जर्जर होऊन गुरूंकडे येतो, आणि गुरू त्यास परका म्हणून लोटीत नाहीत. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात श्रीमाणिकप्रभूंच्या दरबारी तर दोन्ही धर्मांचे लोक येत आले. ही या मातीची जुनी रीत आहे. आम्ही नवे काही सांगत नाही.

किनाऱ्यावरच्या वाचकांना अंजदिव बेट ठाऊक आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी तेथे कामी आलेल्या सात तरुण नौसैनिकांचे स्मारक गोव्यात आहे. तेथे संख्या नेमकी आहे, म्हणून नमस्कारही नेमका होतो. आमच्याकडे हजारांत मोजावे लागते, आणि मोजणीच होत नाही.

म्हणून पुढील वर्षीच्या संयोजकांस आमच्या तीन सूचना आहेत. भाषणांचा वेळ निम्मा करावा आणि जे साक्षीदार अजून हयात आहेत त्यांना बोलू द्यावे. आणखी दहा वर्षांनी शाल पांघरण्यासही कोणी उरणार नाही. गोरट्याच्या मृतांबरोबर सप्टेंबरनंतरच्या मृतांसाठीही मौन पाळावे, आणि शेजाऱ्याला वाचविणाऱ्यांची नावे गावोगाव गोळा करून वाचावीत. हे सारे कन्नड, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषांत व्हावे, कारण त्या वेळी आक्रोश तिन्ही भाषांत झाला होता.

ज्या आईने दोनदा दार लावले, तिला दोन्ही वेळा एकच गोष्ट कळली होती. समारंभाला ती अजून कळावयाची आहे.