गोंगाटाचे घराणे

जपानी पंक आणि गॅरेज रॉकवर जीव असणारा माणूस दुसऱ्याला त्या संगीताची थोरवी पटवू लागला की पुरावे बहुधा परदेशातले देतो. २००३च्या ‘किल बिल’ चित्रपटात ‘द फाइव्ह सिक्स सेव्हन एट्स’ हा स्त्रियांचा बँड वाजवताना दिसतो. ओसाकाच्या ‘शोनेन नाइफ’ला १९९१मध्ये ‘निर्वाणा’ने ब्रिटनच्या दौऱ्यावर सोबत नेले. ‘गिटार वुल्फ’ची ‘वुल्फ रॉक’ ही तबकडी १९९३मध्ये निघाली ती अमेरिकेतल्या मेंफिसमध्ये, आणि गोनर रेकॉर्ड्स या कंपनीची ती पहिलीच निर्मिती होती. हे सारे खरे आहे, आणि या बँडचे वेड लागावे इतके ते वाजवतातही जोरकस. पण अशा पुराव्यांनी ही कला पाश्चात्त्यांना सापडलेली गंमत ठरते. ती पाश्चात्त्यांना सापडण्याआधीपासून आणि ते विसरल्यानंतरही जगत आली आहे, आणि याचे श्रेय माझ्या मते कुठल्याही एका प्रतिभेपेक्षा एका विशिष्ट प्रकारच्या खोलीला द्यावे लागेल.

त्या खोलीवाचून काय होते, याचा दाखला जपानच्याच इतिहासात आहे. १९६६मध्ये बीटल्स तोक्योच्या बुदोकानमध्ये वाजवून गेले आणि ‘ग्रुप साउंड्स’ची लाट आली. ‘द स्पायडर्स’, ‘द टायगर्स’, ‘द मॉप्स’ अशी नावे घरोघरी पोहोचली. मात्र यातल्या बहुतेकांची लोकप्रिय गाणी धंदेवाईक गीतकार-संगीतकार लिहून देत आणि कार्यक्रमांचा कारभार मोठ्या संस्थांच्या हाती असे. लोकांची आवड बदलली, संस्थांनी हात काढून घेतला आणि १९७१ उजाडेपर्यंत लाट ओसरली. त्याच सुमारास आपल्याकडेही असेच घडत होते. सिमला सिगारेटच्या नावाने झालेल्या स्पर्धांतून १९७० आणि १९७१च्या ‘सिमला बीट’ तबकड्या निघाल्या. त्यांवरची कच्ची, धारदार गिटार आज जगभरचे संग्राहक शोधत असतात. पण स्पर्धा थांबल्यावर त्या मुलांना दर आठवड्याला उभे राहायला जागा नव्हती. दोन्हीकडे गुणवत्ता होती. पुढे धागा जोडला गेला तो फक्त जपानमध्ये.

तो जोडला ‘लाइव्ह हाउस’ने. तळघरातली किंवा दुकानांच्या वरची, शे-दोनशे माणसांची खोली. ड्रम, अ‍ॅम्प्लिफायर, ध्वनियंत्रणा आणि ती सांभाळणारा माणूस हे सगळे खोलीचे. वाजवणाऱ्यांनी गिटार खांद्याला लावून रेल्वेने यायचे. एका संध्याकाळी चार-पाच बँड, प्रत्येकाला साधारण अर्धा तास. शिंजुकु लॉफ्ट हे तोक्योतले असे ठिकाण १९७६मध्ये सुरू झाले आणि तीनच वर्षांत ‘तोक्यो रॉकर्स’ या गटाची तबकडी तिथल्याच कार्यक्रमातून निघाली. एंदो मिचिरो यांचा ‘द स्टॅलिन’ हा बँड याच काळात वर आला. रंगमंचावरचा त्याचा धिंगाणा कुप्रसिद्ध झाला आणि १९८२ची ‘स्टॉप जॅप’ ही तबकडी आजही पंकची कसोटी मानली जाते. त्या धिंगाण्यामागचा माणूस किती गंभीर होता हे २०११मध्ये दिसले. अणुभट्टीच्या दुर्घटनेनंतर त्याच एंदोंनी आपल्या फुकुशिमात काही सहकाऱ्यांसह मोठा संगीतमेळा भरवला. ‘द ब्लू हार्ट्स’ १९८५ साली उभा राहिला आणि १९८७मध्ये ‘लिंडा लिंडा’ने देशभर गेला. साधी जपानी, मोजके कॉर्ड, शाळकरी मुलांना चार दिवसांत बसवता येईल अशी चाल. २००५च्या ‘लिंडा लिंडा लिंडा’ चित्रपटात शाळेच्या उत्सवासाठी मुली हीच गाणी बसवतात. शाळेतला संगीत क्लब आणि त्यानंतर गल्लीतला लाइव्ह हाउस अशी ही वाट आहे.

यावरचा पहिला आक्षेप नकलेचा. ‘टीनजनरेट’ किंवा ‘गिटार वुल्फ’ ऐकून कोणी म्हणेल, हा अमेरिकेतल्या जुन्या तबकड्यांचाच प्रतिध्वनी. आहेच. पण घराण्याचा संस्कार असलेल्या मराठी श्रोत्याने या आक्षेपापुढे मान तुकवण्याचे कारण नाही. शिष्याने वर्षानुवर्षे गुरूची फिरत गळ्यात उतरवायची आणि मग त्यातूनच आपली वाट काढायची, ही रीत आपण शिकणे मानतो. गोविंदराव टेंब्यांनी १९११च्या ‘मानापमान’साठी पूरब अंगाच्या ठुमऱ्यांच्या चाली घेतल्या, आणि आज ती पदे मराठीपणाची खूण आहेत. ‘गिटार वुल्फ’ने तीन कॉर्डांचे रॉक-अँड-रोल इतके तापवले की आवाज फाटून त्याचा निराळाच पदार्थ झाला. मूळ तबकड्यांत तो तापटपणा या तीव्रतेने नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो खोडता येत नाही. बऱ्याच लाइव्ह हाउसमध्ये नव्या बँडवर ठरावीक तिकिटे खपवण्याची सक्ती असते. न खपली तर भरपाई खिशातून. रात्री दुकानात काम करणाऱ्या मुलांसाठी हे ओझे मोठे आहे, आणि मित्रांनाच तिकिटे विकून भरवलेल्या सभागृहात कलेची पारख होत नाही, ही तक्रार रास्त आहे. २०२०च्या वसंतात ओसाकातल्या लाइव्ह हाउसमधून करोनाचा संसर्ग पसरल्याचे जाहीर झाले आणि या खोल्यांवर बालंटच आले. ‘दी मिशेल गन एलिफंट’ या बँडचे गायक चिबा युसुके २०२३मध्ये गेले, तेव्हा एक पिढी सरल्याची जाणीव झाली. तरीही खोल्यांतली वर्दळ टिकून आहे. सक्तीच्या पद्धतीत सुधारणा हवी, पण तिच्या रागापायी खोलीच नको म्हणणे आत्मघातकी ठरेल.

हैदराबादच्या कोठी भागात बसून या कलेचे कौतुक करणाऱ्याला अशी खोली आपल्याकडेही शक्य वाटावी. इथल्या गुजराती गल्लीत स्पीकर, मायक्रोफोन, अ‍ॅम्प्लिफायर यांची दुकानेच दुकाने आहेत; आवाजाच्या सामानाची या परिसराला ददात नाही. बंजारा हिल्समध्ये ‘लामकान’ने २०१०पासून साध्या अंगणात नाटक, गाणे, चर्चा चालवून स्वस्त जागा काय करू शकते ते दाखवले आहे. कोठीच्या आसपास मराठी शाळा आणि संस्थांचीही जुनी वस्ती आहे. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ स्वतःची गाणी रचणाऱ्या मुलांना दिली, ड्रमचा एक संच कायमचा ठेवला, तर सुरुवात होते. मुले तेलुगूत गातील, दखनीत किंवा मराठीत. ती निवड त्यांची. शेजाऱ्यांच्या त्रासाची अडचण खरी आहे, पण तोक्योतही दाट वस्तीतच ध्वनिरोधक दार लावून हे चालते. शेवटची गाडी गाठता यावी म्हणून तिथले बहुतेक कार्यक्रम संध्याकाळी साडेसहा-सातला सुरू होऊन साडेनऊ-दहापर्यंत उरकतात. आपल्या ध्वनिनियमांतली रात्री दहाची मर्यादा त्या वेळापत्रकाला आड येत नाही.