त्रिरश्मीच्या भिंतीवरचे शेत

नाशिकच्या पांडवलेणीतले दहावे लेणे नहपान विहार म्हणून ओळखले जाते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत ते त्रिरश्मी डोंगरात कोरवले. ओसरीच्या मागच्या भिंतीवर, छतालगत, ब्राह्मी अक्षरांत त्याचा दानलेख आहे. इतिहासाचे अभ्यासक तो पुरावा म्हणून वाचतात. मला तो साहित्य म्हणून फार आवडतो, आणि त्यातही त्याचा शेवट.

लेखाची सुरुवात भारदस्त आहे. तीन लाख गाईंचे दान, देवाब्राह्मणांना सोळा गावे, वर्षभर लाख ब्राह्मणांना भोजन, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे विश्रामगृहे, तापी, दमण, डहाणूका अशा नद्यांवर फुकट नावा. भाषा संस्कृतकडे झुकलेली, वाक्य लांबच लांब, आणि दाता तृतीयपुरुषी. मग लेणे आणि पाण्याची टाकी येतात, आणि पुढे सूर एकदम बदलतो. भाषा प्राकृताकडे वळते आणि उषवदात ‘मी’ म्हणून बोलू लागतो: मालयांनी वेढलेल्या उत्तमभद्रांना सोडवायला मी पावसाळ्यात गेलो, पुष्करात स्नान केले.

एवढे सगळे सांगून झाल्यावर येते एक शेत. वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना विकत घेतलेले, त्याच्या वडिलांपासून चालत आलेले, नगराच्या शिवेवर वायव्येला. माझ्या लेण्यात राहणाऱ्या, चारी दिशांहून आलेल्या भिक्षुसंघाला त्यातून अन्न मिळेल, असे तो सांगतो. लाखांचे आकडे ऐकून दिपलेल्या कानांना हा तपशील किती जवळचा वाटतो! राजाच्या जावयाने जमीन बळकावली नाही. मोल देऊन घेतली आणि विकणाऱ्याचे नाव त्याच्या आईच्या नावासकट दगडावर राखले.

याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात हीच काळजी हिशेबाच्या रूपाने दिसते. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेव, व्याज दरमहा शेकडा एक. वर्षाचे झाले दोनशे चाळीस. वर्षावासाला राहणारे भिक्षू वीस, प्रत्येकाला चीवरासाठी बारा. हिशेब तंतोतंत जुळतो. मुद्दलाला हात लावायचा नाही, ही अट आहे; निगमसभेत वाचून फलकावर नोंद केल्याचीही खूण आहे. अंगावरच्या वस्त्राची सोय अशी, तर पोटाची सोय शेताची.

शेताच्या या ओळीची खरी चव मला डोंगराच्या पायथ्याशी कळते. नांदगावहून मनमाडमार्गे नाशिकला निघताना आमच्याकडे फडक्यात बांधलेली शिदोरी असतेच: तीळ लावलेली बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. लेण्यात खायचे नसते. पायऱ्या उतरून झाडाखाली बसायचे. भाकरीचा पापुद्रा उचलून आत ठेचा सारायचा, बुक्कीने कांदा फोडायचा. तिळाचा खमंगपणा आधी येतो, मिरची मागून. आमच्या कोरडवाहू रानात जे पिकते, तेच या घासात असते. असा घास तोंडात असताना ‘शेत’ हा दानलेखातला नुसता तपशील उरत नाही. त्याला बांध असतो, पेरणी असते, हुकणारा पाऊस असतो.

अन्न आणि श्रद्धास्थान यांचे असे नाते दूरवरही दिसते. जपानमध्ये नागानोच्या झेनकोजी या प्राचीन बौद्ध मंदिराला जाणारे लोक बाहेरच्या रस्त्यावर कुट्टूच्या पिठाच्या सोबा शेवया आणि भाजी भरलेले ओयाकी आवडीने खातात. डोंगराळ मुलखाचे हे अन्न तिथे दर्शनाचाच भाग झाले आहे. झेन आचार्य दोगेन यांनी तर 1237 मध्ये मठातल्या स्वयंपाक्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भिक्षूच्या भोजनाकडे एवढ्या गांभीर्याने पाहणारी दृष्टी त्रिरश्मीच्या भिंतीवर त्याआधी हजारएक वर्षे कोरलेली आहे.

म्हणून या लेखाचा शेवट मला त्याचा कळस वाटतो. उषवदाताने जिंकलेल्या लढाया आज टिपांमध्ये शोधाव्या लागतात, पण त्याने घेतलेले शेत शिदोरी घेऊन आलेल्या कुणालाही समजते. चारी दिशांहून येणारा माणूस भुकेला असणार, हे त्याने आधीच ओळखले होते. दानाच्या एवढ्या मोठ्या यादीत मला सगळ्यांत मोठे वाटते ते हे ओळखणे.