नोकर की सल्लागार? निकषातच दडलेला निकाल

चांदवडला आमच्या ओळखीत तासिका तत्त्वावर शिकवणारी बरीच मंडळी आहेत. त्यातल्या एका मैत्रिणीने परवा तिचा २६एएस दाखवला. आपल्या नावावर कुणी किती कर कापून भरला, याचा हा उतारा. सातबाराच समजा, फक्त पीकपाणी नाही. कपातीपुढे कलम होतं १९४जे. म्हणजे आयकराच्या लेखी ती कॉलेजची कर्मचारी नाही, व्यावसायिक सेवा पुरवणारी स्वतंत्र व्यक्ती आहे. वेळापत्रक कॉलेजचं, अभ्यासक्रम विद्यापीठाचा, मस्टरवर सही रोजची. यात स्वतंत्र काय, ते तिलाही सांगता येईना.

आता हिशोब बघा. समजा, महिन्याला २०,००० रुपये मिळतात. हा पगार धरला तर जुन्या कायद्यात कलम १९२ लागायचं आणि वर्षाचं उत्पन्न करमर्यादेच्या खाली असल्याने कपात शून्य. १९४जे लावलं की सरसकट १० टक्के, महिन्याला २,०००. वर्षाचे २४,००० सरकारकडे अडकतात आणि विवरणपत्र भरल्यावर परत येतात. तेही पगारदारांच्या सोप्या आयटीआर-१ वर भरता येत नाही, लांबलचक आयटीआर-३ लागतो. म्हणजे सीएची फी आलीच. वर भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही.

याच शिक्क्याचा कुणाला फायदाही होतो. डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांना (जुन्या कायद्यात कलम ४४एडीएखाली) ठरावीक मर्यादेपर्यंत निम्मी मिळकतच उत्पन्न म्हणून दाखवता येते, खर्चाच्या पावत्या जपायची कटकट नाही. त्या यादीत शिक्षक नाहीत.

मग हा शिक्का ठरतो कसा? मुंबई उच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल इथे वाचण्यासारखा आहे. प्रकरण ग्रँट मेडिकल फाउंडेशनचं, म्हणजे पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकचं. तिथले सल्लागार डॉक्टर नोकर की व्यावसायिक, हा वाद. न्यायालयाने त्यांना व्यावसायिक मानलं. एकच कसोटी पुरेशी नाही, करार समग्र वाचा, ही त्यातली भूमिका मला पटते. डॉक्टरांना बाहेर प्रॅक्टिसची मोकळीक होती, हे कारणही पटतं. खटकतं ते दुसरं कारण: त्यांना भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तीचे लाभ मिळत नव्हते.

मी विज्ञानाकडून आले आहे, त्यामुळे इथे अडखळले. लाभ दिले नाहीत म्हणून नोकर नाही, आणि नोकर नाही म्हणून लाभ द्यायचे नाहीत? आपणच रंगवलेल्या नमुन्याची जात त्याच्या रंगावरून ठरवली, तर माझे गाईड तो प्रबंध तोंडावर फेकतील. रुबी हॉलच्या डॉक्टरांना याने फारसा फरक पडला नसेल. पण हाच निकष तासिकावाल्यांना लावला, तर निकाल पैसे देणाऱ्याच्या हातात जातो.

पन्नासच्या दशकात ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मिठागरातल्या आगरियांना कामगार ठरवलं होतं. त्यांना मणावर पैसे मिळत, ते मदतीला माणसंही लावत. तरी काम कुणाच्या देखरेखीखाली चालतं, हे न्यायालयाने पाहिलं. ही कसोटी जुनी आहे, पण निदान कामाकडे बघते. मैत्रिणीचं मस्टर तिच्यापुढे ठेवून बघा.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पगार आणि व्यावसायिक फी हे दोन कप्पे मात्र तसेच आहेत.