‘नियत’ असण्याचे मोल

कला, संस्कृती आणि सर्जनशीलता यांना वाहिलेल्या स्वतंत्र छापील नियतकालिकांविषयी अलीकडे पुन्हा आस्थेने बोलले जाऊ लागले आहे. जाड कागद, देखणी मांडणी, मोजक्या प्रती, हातात धरून सावकाश वाचण्याचा आनंद असे या कौतुकाचे साधारण स्वरूप असते. हे कौतुक खोटे आहे असे मला म्हणायचे नाही, पण ते अपुरे आहे. ज्याला छापून येण्याची भ्रांत कधी पडली नाही, त्याला कागदाचा पोत दिसतो. ज्यांना कोणी छापतच नव्हते आणि म्हणून स्वतःचे पत्र काढावे लागले, त्यांच्या इतिहासात या आकर्षणाचा अर्थ वेगळा आहे.

बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला, हे बाबासाहेबांनीच पुढे नमूद केले आहे. म्हणजे आमच्या मजकुरालाच नव्हे, तर आमच्या पैशालाही त्या छापखान्यात विटाळ होता. ‘मूकनायक’ थांबले, तेव्हा १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले. त्याच्या अंकांचे रकानेच्या रकाने संपादकाला एकहाती लिहावे लागत. ते १९२९ मध्ये बंद पडल्यावर १९३० मध्ये ‘जनता’ आले आणि १९५६ मध्ये ‘जनता’चेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. पत्र बंद पडते, नाव बदलते, पण काढणारा थांबत नाही. या चिकाटीला हौस म्हणता येणार नाही. गावात पाणवठा बंद असेल तर माणूस आपला आड खणतो, तसे हे आहे.

दुसरी परंपरा लघुनियतकालिकांची. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांचे ‘शब्द’, अशोक शहाणे यांचे १९६३ मधील ‘असो’, औरंगाबादेहून निघालेले भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’ ही त्यातली ठळक नावे. स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाईल यंत्रावर काढलेल्या पानांनी ‘सत्यकथे’च्या अभिरुचीला आव्हान दिले, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. राजा ढाले याच चळवळीत ‘येरू’, ‘तापसी’ काढत होते. प्रस्थापित वाङ्मयाची भाषा फोडण्याचे काम या मंडळींनी केले नसते, तर पुढच्या विद्रोही कवितेची वाट अधिक बिकट झाली असती.

तरीही एक फरक नोंदवावासा वाटतो. या मंडळींनी आपल्या अंकांना ‘अनियतकालिक’ म्हटले आणि त्यात एक मिजास होती. वाटले तेव्हा अंक काढू, वाटेल तेव्हा बंद करू. व्यवस्थेच्या शिस्तीला दिलेला तो नकार होता, हे खरे. पण नियमितपणा नाकारण्याची चैन कोणाला परवडते? ज्याच्यासाठी इतर दारे किलकिली तरी असतात, त्याला. परभणीच्या किंवा बुलढाण्याच्या खेड्यातून पहिली कविता आंतरदेशीय पत्रावर लिहून पाठवणाऱ्या पोराला पुढचा अंक निघणार आहे याची खात्री हवी असते. त्याच्यासाठी ‘नियत’ असणे हेच क्रांतिकारक होते.

गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’चे त्रैमासिक सुमारे पाच दशके चालवले, त्याचे महत्त्व मला येथे दिसते. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, म. ना. वानखेडे यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने झालेल्या मंथनातून १९६७-६८ च्या सुमारास ते उभे राहिले. त्याने लेखक छापले, तसा वाचकही घडवला. कवितेशेजारी समीक्षा, समीक्षेशेजारी वाद, वादाशेजारी पुस्तकपरीक्षण असा तो संसार होता. ‘दलित साहित्य म्हणजे काय’ हा प्रश्न विद्यापीठांनी अभ्यासक्रमात घेण्याआधी आमच्याच पानांवर लढला गेला. संज्ञा आमच्या, व्याख्या आमच्या आणि मतभेदही आमचे. आपल्याविषयीचा निवाडा दुसऱ्याच्या कचेरीत होऊ न देणे, हे अशा नियतकालिकाचे खरे आकर्षण आहे.

माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वडील सही करायला शिकले ते माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकासाठी. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुन्या त्रैमासिकांचे बांधीव खंड हाती आले, तेव्हा पाठ्यपुस्तकातील मराठीपेक्षा वेगळी मराठी मी प्रथमच छापलेली पाहिली. आमच्या वस्तीतले शब्द तिथे अवतरणचिन्हांशिवाय आले होते. त्या लेखकांपैकी अनेकांची पुस्तके कधी निघालीच नाहीत. त्या अंकांतली दोन पाने एवढाच त्यांचा वाङ्मयीन पुरावा आहे. त्रैमासिक नसते तर तोही उरला नसता.

आता आजचे पाहू. १९६० च्या दशकात अडसर छापखान्याचा होता. आज तो गुणांचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकाच्या लेखाचे गुण मोजायला सुरुवात केली. पुढे मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती बंदही केली. या काळात काय घडले, हे आपण सारे जाणतो. लेख छापण्यासाठी लेखकाकडूनच पैसे घेणारी मासिके गावोगाव उगवली. माझ्याकडेही एका संपादकाने लेख न वाचताच ‘प्रकाशन शुल्का’ची मागणी केली होती. अशा अंकाला आयएसएसएन क्रमांक असतो, वाचक नसतो. आणि वाचक असलेल्या चळवळीच्या त्रैमासिकात लिहिले, तर बढतीच्या अर्जात ते पान कोरे धरले जाण्याची धास्ती. परिणामी आमच्यातले शिकलेसवरले हात बाहेरच्या रकान्यांसाठी राबू लागले. पहिल्या पिढीच्या पदवीधराला नोकरी हवीच. पण नोकरीसाठी लिहिलेले आणि समाजासाठी लिहिलेले यांत अंतर पडत गेले, हे नुकसान कोणत्या यादीत मोजायचे?

दोष सारा बाहेर ढकलून चालणार नाही. आपली बहुतेक नियतकालिके एका माणसाच्या खांद्यावर चालली. तो थकला की अंक थकला. संपादक मंडळाची नावे छापली गेली, मुद्रिते मात्र एकट्याने तपासली. परीक्षणे पुष्कळदा आपल्या माणसाच्या पाठीवरची थाप ठरली. प्रस्थापितांची समीक्षा निर्भीडपणे करणारी लेखणी स्वकीयांच्या कच्च्या कवितेपुढे मऊ झाली. स्त्रियांचे लेखन आठवण झाल्यावर, विशेषांकापुरते आले. आमच्या विद्रोहाच्या आत असलेली ही उतरंड दलित स्त्रियांनी दाखवून दिली तेव्हा तरी संपादकांनी जागा मोकळी करायला हवी होती. ज्याचा जन्मच नाकारलेपणातून झाला, त्याने कोणाला दाराबाहेर उभे ठेवावे?

पडद्यावर आज कोणीही लिहू शकतो, मग कागदाचा अट्टहास कशाला, असे माझे विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण तिथे मजकूर प्रवाहात वाहून जातो आणि कोणाचा मजकूर वर तरंगेल हे दूरची कंपनी ठरवते. त्रैमासिकाला संपादक असतो. तो लेख परत पाठवतो, कारण सांगतो, दुसऱ्यांदा लिहायला लावतो. अंक ग्रंथालयात बांधून राहतो आणि पन्नास वर्षांनी एखाद्या पोराच्या हाती पडतो.

म्हणून स्वतंत्र नियतकालिकाची कसोटी त्याच्या देखणेपणावर लावू नये. त्याने कोणाला प्रथम छापले, कोणाशी वाद घातला, स्वकीयांना काय सुनावले आणि पुढचा अंक वेळेवर काढला की नाही, हे विचारावे. याची उत्तरे संपादकाइतकीच वाचकालाही द्यावी लागतात. सभेत ‘आपले साहित्य’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांची या वर्षीची वर्गणी पोचली आहे, हे प्रत्येकाने आपल्याशीच तपासून पाहावे.