मल्टिकास्ट आणि अनामिक श्रोता

स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीव्ह डीअरिंग यांचा आरएफसी १११२ हा दस्तऐवज १९८९ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मूळ कल्पना अशी: पाठविणाऱ्याने एका गटाच्या पत्त्यावर एकच प्रत धाडावी, ज्याला ती हवी असेल त्याने गटात शिरावे, नको असेल त्याने बाहेर पडावे. वाटा जेथे फुटतात तेथे प्रती काढण्याचे काम राउटरांचे. श्रोते कोण व किती, हे पाठविणाऱ्यास ठाऊक असण्याचे कारण नाही. तो स्वतः गटाचा सभासद असावा, अशीही अट नाही.

कंपनीच्या अंतर्गत जाळ्यास ही योजना फार सोयीची. प्रमुखाचे भाषण एका शाखेत ५०० कर्मचारी आपापल्या संगणकावर पाहत आहेत व प्रत्येकास सेकंदाला २ मेगाबिट लागतात असे धरले, तर निरनिराळ्या प्रतींनी शाखेच्या दुव्यावर १,००० मेगाबिटांचा भार पडतो. मल्टिकास्टने तो २ मेगाबिटांवर येतो. दुवा १०० मेगाबिटांचाच असेल, तर पहिल्या पद्धतीत भाषण तर तुटतेच, शिवाय त्याच वाटेने जाणारे हिशेबाचे कामही खोळंबते.

असे असूनही अनेक संस्थांनी एचटीटीपीवरून लहान तुकड्यांत चित्र पाठविण्याचा, वरकरणी उधळा, मार्ग पत्करला. याचा दोष सामान्यतः राउटरांच्या मांडणीला दिला जातो. खुल्या इंटरनेटविषयी तो पटण्याजोगा आहे, कारण तेथे राउटर अनेकांच्या मालकीचे असतात. कंपनीत मात्र ते एकाच हाताखाली असतात. त्यामुळे येथे हे उत्तर अपुरे पडते. बिनतारी जाळ्यावर मल्टिकास्टचे पुडके बहुधा मंद गतीने व पोचपावतीविना जातात, ही अडचण खरी. तथापि तीही मुळाशी जात नाही.

मूळ अडचण कल्पनेतच आहे. डीअरिंग यांचा श्रोता अनामिक आहे. कचेरीतील श्रोता तसा नसतो. भाषण कोणी ऐकले, सुरक्षेचा पाठ कोणी पूर्ण केला, हे व्यवस्थापनास नावानिशी हवे असते. १९९६ च्या आरटीपीने श्रोत्यांकडून अहवाल मागविण्याची सोय केली खरी. पण त्या नियंत्रण-संदेशांना एकंदर प्रवाहाच्या ५ टक्क्यांची मर्यादा सुचविलेली असल्याने श्रोते वाढतील तसा प्रत्येकाचा अहवाल विरळ होतो. शिवाय अहवाल न धाडताही ऐकता येतेच. मजकूर गुप्त ठेवायचा म्हटले, तर किल्ली प्रत्येकास द्यावी लागते आणि डीअरिंग यांनी काढून टाकलेली यादी मागील दाराने परत येते.

उशिरा येणाऱ्याचा प्रश्न तर याहून अवघड. मल्टिकास्टमध्ये सर्वांनी एकाच क्षणी ऐकावे लागते. पुणे, लंडन व न्यूयॉर्क येथील कचेऱ्यांचे तास जुळत नाहीत. एचटीटीपीचा तुकडा मात्र शाखेतील साठवणीत एकदा आला, की दुव्यावर पुन्हा भार न टाकता दुपारी येणाऱ्यासही मिळतो. म्हणजे प्रत वाटेतच काढावी हा डीअरिंग यांचा विचार येथेही टिकला आहे. फक्त ती राउटरऐवजी साठवण-सर्व्हर काढतो, आणि काढताना मागणाऱ्याची नोंदही ठेवू शकतो.