मार्सेयची गुप्त वाट : आठवण आणि कादंबरी

जून १९४० मधील युद्धविरामाच्या एकोणिसाव्या कलमान्वये, जर्मन सरकार मागेल त्या जर्मन निर्वासितास स्वाधीन करण्याचे बंधन फ्रान्सने पत्करले. या कलमाविरुद्ध मार्सेय बंदरात जी गुप्त यंत्रणा उभी राहिली, तिच्या काळाविषयीचे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत : व्हेरियन फ्राय यांच्या आठवणी ‘सरेंडर ऑन डिमांड’ (१९४५) आणि ॲना सेगर्स यांची कादंबरी ‘ट्रान्झिट’ (१९४४).

ऑगस्ट १९४० मध्ये फ्राय न्यूयॉर्कमधील एका समितीतर्फे सुमारे २०० जणांची यादी घेऊन मार्सेयला आले. त्यांची उघड कचेरी मदतकार्याची होती. तिच्या आड बनावट कागदपत्रे तयार होत आणि पिरेनीज ओलांडून लिस्बनकडे जाणारी वाट चाले. हाइनरिख मान व फ्रान्झ व्हेर्फेल याच वाटेने निसटले. १९४१ मध्ये फ्राय यांची हकालपट्टी झाली, तोवर मदत मिळालेल्यांची संख्या यादीच्या कितीतरी पट झाली होती. कार्यपद्धतीचा हा तपशील हेच या ग्रंथाचे बळ होय. तथापि कथनाच्या केंद्रस्थानी सोडविणारा आहे. सुटणारा माणूस सीमा ओलांडताच ग्रंथाबाहेर जातो.

सेगर्स स्वतः मार्च १९४१ मध्ये मार्सेयहून बोटीने निघाल्या. परंतु त्यांच्या कादंबरीत सुटकेचा थरार जवळजवळ नाही. आहे ती प्रतीक्षा. एक परवाना हाती येईतो दुसऱ्याची मुदत संपते. निवेदकाजवळ वायडेल नामक लेखकाची कागदपत्रे आहेत. वायडेलने पॅरिसमध्ये आत्महत्या केली आहे. मेक्सिकोच्या वकिलातीत मात्र निवेदकालाच वायडेल समजले जाते. दार उघडते ते मृत लेखकाच्या नावाला. जो जिवंत आहे, त्याच्या स्वतःच्या नावाला तेथे किंमत नाही. अखेरीस तो मिळालेली जागा सोडून फ्रान्समध्येच राहतो.

आठवणी पुराव्याने बांधलेल्या असतात, कादंबरी नसते. तेव्हा ही तुलना अन्यायाची आहे, असा आक्षेप संभवतो. तो अंशतः मान्य करावा लागेल. परंतु यादी ओलांडण्याचा फ्राय यांचा निर्णयच दर्शवितो की, कोणाला सोडवावे हा प्रश्न त्यांनाही टाळता आला नव्हता. प्रत्येक गुप्त वाटेला यादी असते आणि प्रत्येक यादीला बाहेर राहिलेले असतात. फ्राय यांनी ती यादी कृतीने रुंदावली; तिच्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाला वाणी दिली ती सेगर्स यांनी. सुटकेच्या वाङ्मयाचे मूल्य ठरविताना सीमेवरील धाडसाइतकेच कचेरीच्या दाराशी उभ्या असलेल्या रांगेकडेही समीक्षकाने पाहिले पाहिजे.